यंत्राचा हिशेब आणि माणसाचा शब्द

लंडन शहरांत पिकॅडिली नांवाच्या हमरस्त्यावर इ. स. १८९४ सालीं चहाचें एक दुकान उघडलें. दर्शनी भाग पांढरा व सोनेरी, आंत स्वच्छ मेजें, दर माफक, आणि मध्यम स्थितींतील स्त्रीलाहि एकटीनें निःसंकोच बसतां येईल अशी एकंदर व्यवस्था. जे. लायन्स आणि कंपनी या नांवानें हा व्यवसाय चाले. लवकरच या दुकानाचीं भावंडें लंडनभर व मग इंग्लंडभर पसरलीं. त्यांची संख्या दोनशेंच्या वर गेली. अशा कंपनीचें नांव चहाच्या इतिहासांत राहावें यांत नवल नाहीं. नवल हें कीं, तें गणकयंत्रांच्या इतिहासांत राहिलें. आणि निर्णय घेतांना माणसानें यंत्राचें किती ऐकावें व यंत्रानें माणसाचें किती, हा जो प्रश्न आज मोठमोठ्या कचेऱ्यांतून चर्चिला जातो, त्याचें एक फार जुनें आणि फार व्यवहारी उत्तर या कंपनीच्या पाव-केकांच्या मागणीपत्रकांत सांपडतें.

प्रश्नाचें आजचें रूप आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एखाद्या व्यवसायांत रोज विक्री होते, माल येतो, माल उरतो, उधारी थकते. या सर्व नोंदी एकत्र करून व्यवसायाची प्रकृति कशी आहे हें चालकांसमोर मांडणाऱ्या संगणक-प्रणालीला 'बिझनेस इंटेलिजन्स' असें म्हणतात. येथें इंटेलिजन्स म्हणजे बुद्धि नव्हे, तर वार्ता, खबर, हें लक्षांत ठेवावें. पूर्वी राजे लोक परदरबारची खबर राखीत, तशी व्यापाऱ्यानें बाजाराची राखावी, असा त्याचा मूळ भाव. अलीकडे या प्रणालींना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली आहे. त्यामुळें यंत्र आतां नुसते आंकडे मांडून थांबत नाहीं. उद्यां अमुक इतका माल मागवावा, अमुक गिऱ्हाइकाला उधार देऊं नये, असा सल्लाहि देतें. सल्ला देणारा यंत्र आणि सही करणारा माणूस, अशी ही भागीदारी आहे. भागीदारी म्हटली कीं वांटणी आली, आणि वांटणी म्हटली कीं कोणाच्या पदरांत काय पडलें हें पाहणें आलें.

लायन्स कंपनीची अडचण मोठी चमत्कारिक होती. तिचा व्यापार प्रचंड, परंतु प्रत्येक व्यवहार चिमुकला. एक कप चहा व एक बन यांवर मिळणारा नफा पेनीच्या अंशांत मोजावा लागे. पण त्या चहाचें बिल, त्या बनाचा पाव-भट्टीपासून दुकानापर्यंतचा हिशेब आणि तो देणाऱ्या सेविकेचा पगार हीं सारीं कागदावर उतरलींच पाहिजेत. कारकुनीचा खर्च थोडा वाढला तर नफा कागदांतच जिरून जावयाचा. म्हणून कंपनीनें १९२३ सालीं केंब्रिजचा एक गणिती, जॉन सिमन्स, यास नोकरीस ठेवलें. हा गृहस्थ कचेरीच्या कामाकडे कारखान्याच्या कामासारखें पाहूं लागला. कोणता कागद कोठून निघतो, कोठें जातो, त्यावांचून अडतें काय, असे प्रश्न तो विचारी. अशा प्रश्नांनीं जुन्या कारकुनांची झोंप उडाली असावी हें उघड आहे. परंतु युद्धापूर्वींच लायन्सच्या कचेऱ्या सुव्यवस्थेविषयीं नांवाजल्या जाऊं लागल्या होत्या.

महायुद्ध संपल्यावर १९४७ सालीं सिमन्सनें आपले दोन सहकारी, थॉम्पसन व स्टँडिंगफर्ड, यांना अमेरिकेंतील नव्या कार्यपद्धति पाहण्यासाठीं पाठविलें. युद्धकाळांत तोफांच्या गोळ्यांचे मार्ग काढण्याकरितां तिकडे विजेवर चालणारीं गणकयंत्रें बांधलीं होतीं. तीं यंत्रें पगारपत्रकें करूं शकतील काय, हें या चहावाल्यांना पाहावयाचें होतें. प्रिन्स्टन येथें हर्मन गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञाची गांठ पडली. त्यानें त्यांना सांगितलें कीं, तुमच्याच केंब्रिजमध्यें मॉरिस विल्क्स असेंच यंत्र बांधीत आहे. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हा असा! परत आल्यावर कंपनीनें विल्क्सला तीन हजार पाउंड व अर्नेस्ट लेनर्ट्स नांवाचा आपला एक कामगार मदतीस दिला. ६ मे १९४९ रोजीं केंब्रिजचें यंत्र प्रथम चाललें, आणि तें चालल्याबरोबर लायन्सनें त्याच धर्तीचें आपलें स्वतःचें यंत्र बांधावयास घेतलें. बांधणीचा प्रमुख जॉन पिंकर्टन. यंत्राचें नांव 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस', म्हणजे आद्याक्षरांनीं 'लिओ'.

लिओचें शरीर पाहिलें असतें तर आजच्या मुलांना हंसूं आलें असतें. सुमारें सहा हजार निर्वात नळ्या, पाऱ्यानें भरलेल्या लांब नळकांड्या, आणि त्या पाऱ्यांतून सारख्या फिरत राहणाऱ्या ध्वनिलहरींच्या रूपानें साठविलेले आंकडे. असा सारा खोलीभर पसारा, आणि स्मरणशक्ति म्हणाल तर अवघ्या २०४८ लहान संख्यांची! परंतु २९ नोव्हेंबर १९५१ पासून लंडनच्या कॅडबी हॉल येथें या यंत्रानें पाव-भट्टीच्या मालाच्या किंमतीचा हिशेब दर आठवड्यास नियमानें करावयास आरंभ केला. धंद्याचें रोजचें काम नेमानें करणारें जगांतील पहिलें गणकयंत्र तें हेंच, असें सामान्यतः मानलें जातें. पुढें तें पगारपत्रकें करूं लागलें. एका नोकराच्या पगाराचा हिशेब करण्यास अनुभवी कारकुनाला आठ मिनिटें लागत. लिओला दीड सेकंद पुरे.

येथवरची कथा नुसत्या वेगाची आहे. वेगाचें कौतुक लवकर ओसरतें. खरी मौज १९५४ सालच्या ऑक्टोबरांत सुरूं झाली. कंपनीनें त्या महिन्यांत दुकानांच्या मालाची मागणी लिओकडे सोंपविली.

प्रत्येक दुकानावर एक व्यवस्थापिका असे. दुसऱ्या दिवसाकरितां किती पाव, किती केक, किती तयार पदार्थ हवेत, हें ती रोज लांबलचक पत्रकावर लिहून मुख्य कचेरीकडे पाठवी. पदार्थ शेंकड्यांनीं मोजावे इतके. चुका होत, बेरजा राहत, आणि रात्रींतून पदार्थ तयार करून पहांटेस गाड्या सोडावयाच्या असल्यामुळें चूक सुधारण्यास अवसर नसे. सोपा मार्ग असा होता कीं, यंत्रानें मागील विक्रीवरून प्रत्येक दुकानाची मागणी स्वतःच ठरवावी आणि व्यवस्थापिकेला विचारूं नये. परंतु पद्धति आंखण्याचें काम ज्याच्याकडे होतें तो डेव्हिड कॅमिनर हा निराळ्या वृत्तीचा माणूस. महायुद्धांत ट्यूनिशियाच्या रणभूमीवर एक पाय गमावून तो परत आला होता, आणि दुसऱ्याच्या कामांतील चूक शोधण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. यंत्र आणण्यापूर्वीं काम समजावून घ्यावें, हा त्याचा बाणा.

ठरली ती पद्धति अशी. प्रत्येक व्यवस्थापिकेनें आठवड्याच्या प्रत्येक वारासाठीं आपली कायम मागणी एकदां ठरवून द्यावी. सोमवारची निराळी, शनिवारची निराळी. ती लिओजवळ पंच-कार्डांवर राहील. मग रोज ठराविक वेळीं तिचें व कॅडबी हॉलचें दूरध्वनीवर बोलणें होई, आणि कायम मागणीहून उद्यां जेवढा फरक हवा तेवढाच ती सांगे. पलीकडे कानाला ध्वनिग्राहक लावून बसलेल्या मुली तें ऐकतां ऐकतांच कार्डांना छिद्रें पाडीत. तीं कार्डें लिओच्या पोटांत गेलीं कीं, भट्टीनें एकंदर किती माल करावयाचा आणि कोणत्या दुकानास काय पोंचवावयाचें, याच्या याद्या छापून बाहेर पडत.

वरवर पाहतां ही निव्वळ श्रमाची बचत वाटते. परंतु यांत कोणतें काम कोणाकडे राहिलें तें पाहावें. जें रोज सारखेंच असतें तें यंत्रानें लक्षांत ठेवावें, आणि जें उद्यां निराळें होणार आहे तेवढें माणसानें सांगावें. शेजारच्या नाट्यगृहांत उद्यां दुपारचा खेळ आहे, समोरचा रस्ता खोदला आहे, आभाळ भरून आलें आहे, या गोष्टी पाऱ्याच्या नळकांडीला कोठून कळणार? त्या दुकानाच्या कांचेतून बाहेर पाहणाऱ्या बाईलाच कळत. आणि दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची. व्यवस्थापिकेनें एखादे दिवशीं कांहींच फरक सांगितला नाहीं, तर तिनेंच पूर्वीं ठरविलेली मागणी कायम राही. म्हणजे तिच्या मौनांतहि तिचाच निर्णय बोलत असे.

पुढें कांहीं वर्षांतच हा विचार तत्त्व म्हणून मांडला गेला. १९५८ सालीं हान्स पीटर लून या संशोधकानें 'बिझनेस इंटेलिजन्स' हेंच नांव देऊन एक निबंध लिहिला; आलेल्या कागदपत्रांचा सारांश यंत्रानें काढावा आणि ज्याला ज्याची गरज त्याच्याकडेच तो पोंचवावा, अशी त्याची कल्पना होती. १९६० सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिकलायडर यानें माणूस व गणकयंत्र यांच्या सहजीवनावर लेख प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यानें स्वतःच्याच कामाच्या वेळेची नोंद ठेवून पाहिली, तेव्हां त्याला आढळलें कीं, विचारासाठीं म्हणून दिलेल्या वेळापैकीं शेंकडा ८५ वेळ विचार करण्यांत जातच नाहीं. आंकडे शोधण्यांत, आलेख काढण्यांत, विचाराच्या तयारींतच जातो. ती तयारी यंत्रानें करावी; ध्येय कोणतें, प्रश्न कोणता आणि आलेल्या उत्तराची किंमत किती, हें माणसानें ठरवावें, असें त्याचें म्हणणें. पंडितांनीं हें लिहिलें तेव्हां लायन्सच्या दूरध्वनीवर तें रोज घडत होतें. शास्त्र पुष्कळदां व्यवहाराच्या मागून येतें, तें असें.

आतां आजचें दुकान पाहावें. मोठ्या साखळी-दुकानांतून उद्यांच्या मालाचा अंदाज आतां यंत्रच करतें. मागील कित्येक वर्षांची विक्री, सणवार, हवामान, सवलतींच्या जाहिराती, सर्व कांहीं तें जमेस धरतें. व्यवस्थापकाच्या पडद्यावर आंकडा तयार येतो. त्याला तो बदलतां येतो. पण त्यानें बदलला नाहीं, तर यंत्राचा आंकडा कायम होतो. मौनाचा अर्थ उलटला आहे. लायन्सच्या व्यवस्थापिकेचें मौन म्हणजे तिचा कालचा विचार. आजच्या व्यवस्थापकाचें मौन म्हणजे यंत्राचा आजचा विचार. बोलण्याचा हक्क दोघांनाहि आहे, परंतु न बोलण्याची किंमत दोघांना सारखी नाहीं.

माणसानें बोलावें तर त्याचें बोलणें नेहमीं शहाणपणाचें असतें, असेंहि नाहीं. फिल्ड्स, गुडविन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत चार कंपन्यांतील साठ हजारांहून अधिक अंदाज तपासले. यंत्राच्या अंदाजांत माणसांनीं केलेले मोठे बदल बहुधा उपकारक ठरले. परंतु बारीकसारीक बदलांनीं फायदा थोडा आणि पुष्कळदां नुकसानच झालें. तसेंच आंकडा खालीं आणणारे बदल वर नेणाऱ्या बदलांपेक्षां अधिक खरे ठरले. याचें कारण कळण्यासारखें आहे. मोठा बदल करणाऱ्याजवळ बहुधा कांहीं खबर असते. लहान बदल करणाऱ्याजवळ पुष्कळदां आपलीहि कांहीं भर असावी एवढीच इच्छा असते. आणि विक्री वाढेल असें मानणें हा व्यापाऱ्याचा जन्मजात आशावाद आहे. तेव्हां व्यवस्थापिकेला दूरध्वनि द्यावा, हें खरें. पण खबर असेल तेव्हांच तिनें तो उचलावा, हेंहि तितकेंच खरें.

परंतु दूरध्वनीच्या दुसऱ्या टोंकाला ऐकणारेंच कोणी नसेल, तर काय होतें? याचें उत्तरहि लिओच्याच वंशांत मिळावें, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे. लायन्सनें १९५४ सालीं गणकयंत्रांची स्वतंत्र कंपनी काढली. ती १९६३ मध्यें इंग्लिश इलेक्ट्रिकच्या व्यवसायांत मिळाली, आणि १९६८ मध्यें आणखी एकीकरण होऊन आय. सी. एल. ही मोठी कंपनी झाली. ब्रिटिश टपालखात्यानें लिओच्या तिसऱ्या पिढीचीं यंत्रें घेतलीं होतीं. त्यांतलीं शेवटचीं १९८१ पर्यंत चालू होतीं. पुढें जपानच्या फुजित्सु कंपनीनें आय. सी. एल. टप्प्याटप्प्यानें आपल्याकडे घेतली. याच आय. सी. एल.च्या एका शाखेनें टपालकचेऱ्यांच्या हिशेबासाठीं 'होरायझन' नांवाची प्रणाली तयार केली, आणि १९९९ पासून ती देशभर बसविण्यांत आली.

होरायझनमध्यें कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. ती साधी जमाखर्चाची प्रणाली. खेड्यापाड्यांतील सब-पोस्टमास्तर हे बहुधा लहानसें दुकान चालवून त्याच्या एका बाजूस टपालाचा गल्ला सांभाळणारे लोक. दिवसाअखेर गल्ल्यांतील रोकड व पडद्यावरील आंकडा यांचा मेळ बसेना. पडदा तूट दाखवी. हातांतील रोकड व वह्या दुसरें कांहीं सांगत. त्यांनींहि दूरध्वनि उचलला. मदतकेंद्राकडून कित्येकांना असें सांगण्यांत आलें कीं, असा त्रास तुम्हां एकट्यालाच होत आहे. करारान्वयें तूट भरून देणें त्यांच्यावरच होतें, आणि पडद्यावरचा आंकडा मान्य केल्यावांचून पुढील मुदतीचा हिशेब उघडत नसे. लायन्सच्या व्यवस्थापिकेच्या एका वाक्यानें यंत्रांतील आंकडा बदले. येथें यंत्रांतील आंकड्यानें माणसाचें चरित्र बदललें. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक लोकांना या हिशेबाच्या आधारें दोषी ठरविण्यांत आलें. कांहीं तुरुंगांत गेले, कित्येकांचें दिवाळें वाजलें, आणि कांहींनीं जीव दिला.

या अनर्थाला कायद्याचीहि साथ मिळाली. इंग्लंडांत १९८४ च्या एका कायद्यान्वयें संगणकाचा कागद पुराव्यांत घ्यावयाचा तर संगणक नीट चालत होता हें आधीं दाखवावें लागे. ही अट जाचक वाटल्यामुळें १९९९ च्या कायद्यानें ती काढून टाकली. तेव्हांपासून यंत्र बरोबर आहे असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें, आणि तें चुकलें आहे हें दाखविण्याचा भार ज्याला यंत्राच्या आंत डोकावतांहि येत नाहीं त्याच्यावर. ज्या वर्षीं ही अट काढणारा कायदा झाला त्याच वर्षीं होरायझन आलें. कोणी मुद्दाम रचूं म्हटलें तरी असा मुहूर्त साधला नसता.

साडेपांचशेंच्या सुमारास सब-पोस्टमास्तरांनीं मिळून लावलेल्या दाव्यांत न्यायमूर्ति फ्रेझर यांनीं डिसेंबर २०१९ मध्यें निकाल दिला. प्रणालींत दोष होते, त्यांमुळें हिशेबांत खोटी तफावत पडूं शकत होती, आणि फुजित्सुच्या माणसांना दुरूनहि या हिशेबांत हात घालतां येत होता, असें त्यांत ठरलें. २०२१ च्या एप्रिलांत अपील न्यायालयानें एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द केल्या. उरलेल्यांचें काय, हा प्रश्न मात्र रेंगाळत राहिला. शेवटीं जानेवारी २०२४ मध्यें या प्रकरणावर दूरचित्रवाणीवरून एक नाटक दाखविलें गेलें, लोकमत खवळलें, आणि मे २०२४ मध्यें पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा करून अशा शिक्षा सरसकट रद्द केल्या. न्यायालयाच्या शिक्षा कायदेमंडळानें एका घावांत पुसून टाकाव्या, ही इंग्लंडांत मोठी असाधारण गोष्ट.

लायन्सचीं चहाचीं दुकानें तोंवर केव्हांच बंद झालीं होतीं. कंपनीहि १९७८ सालीं एका मद्य-व्यवसायाच्या हातीं गेली. पहिला लिओ १९६५ मध्यें थांबविण्यांत आला. व्यवस्थापिकांचे दूरध्वनि, पंच-कार्डें पाडणाऱ्या मुली, पहांटेच्या गाड्या यांपैकीं कांहीं उरलें नाहीं. संगणकाचा पुरावा मुळांतच बरोबर धरून चालावें काय, यावर मात्र ब्रिटिश न्यायखात्यानें जानेवारी २०२५ मध्यें लोकांकडून मतें मागविलीं.